पस्तीस सेकंदांचा हेर

“मॅडम, ह्यो कोट कुणाच्या मापाचा म्हणायचा?”

मगदूम आमच्या तराजूंच्या खोलीच्या काचेच्या दारासमोर उभे राहून स्वतःला बघत होते. अंगात करडा सूट होता. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर संपत होत्या आणि बटण लावलं की श्वास घेता येत नव्हता.

“झारापकरांच्या,” मी म्हटलं. “ते पाच फूट सात इंच आहेत.”

“आणि मी सहा फूट. म्हंजे हेर कोण व्हायचा ते शिंप्यानं अगोदरच ठरवलंय की.”

“सिनेमावाल्यांनी मुंबईहून सूट एकच आणलाय. दोघांनी आळीपाळीनं घालायचाय.”

मगदूमांच्या पत्नी शालनताई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी डब्याच्या पिशवीतून ब्लेड काढलं. “तोंड वाकडं करू नका. फिरा तिकडं.” आणि मानेपासून कमरेपर्यंत त्यांनी कोटाची शिवण सरळ उसवून टाकली. “आता घ्या श्वास. फक्त त्या कॅमेऱ्याला पाठ दाखवू नका.”

“हेर कधीही पाठ दाखवत नाही,” मगदूम नाटकातल्या आवाजात म्हणाले.

“घरात भांडी विसळायची वेळ आली की रोज दाखवतासा.”

ही १९७९ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. कोल्हापुरातल्या ज्या कॉलेजात मी बी.एस्सी. झाले, तिथेच रसायनशास्त्र शिकवायला लागून मला दुसरं वर्ष चाललं होतं. जयसिंग मगदूम तिथे पंधरा वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. दिवसा ते द्रावणं करत, काचसामान सांभाळत, आणि संध्याकाळी हौशी नाटकांत नायकाची कामं करत. राज्य नाट्यस्पर्धेत त्यांना दोनदा रौप्यपदक मिळालं होतं. सुवर्णपदक नाही. हे ते स्वतःच सांगत, तापमान सांगावं तसं.

मी विद्यार्थिनी असताना मला ते फार कडक वाटायचे. बेसिनच्या वर त्यांनी स्वतः रंगवलेली एक पत्र्याची पाटी होती: ‘धुवा. पालथं घाला. नळ बंद.’ पहिल्याच वर्षी एकदा प्रॅक्टिकल संपवून मी फाटकापर्यंत पोचले होते. मागून मगदूमांचा आवाज आला, “उपाध्ये!” मी परत गेले. माझ्या बेसिनचा नळ थेंब थेंब गळत होता. तो बंद करेपर्यंत ते माझ्याकडे बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, “आता घरी जावा.” पुढे मी शिकवायला लागल्यावर त्यांनी पहिल्या दिवसापासून मला मॅडम म्हटलं. पण मी बाहेर पडताना त्यांची नजर बेसिनकडे जाते, हे मला ठाऊक होतं.

दिग्दर्शक माधवराव टिपणीस ऑगस्टमध्ये आमची प्रयोगशाळा बघायला आले होते. त्यांना एका हेराचा चित्रपट काढायचा होता. नायकाचं नाव समर सरंजामे. शत्रूच्या प्रयोगशाळेतला प्रसंग त्यांना खऱ्या जागी घ्यायचा होता. ते सिगारेट ओढत दारातून आत यायला लागले, तेवढ्यात आतून मगदूम म्हणाले, “सिगारेट बाहेर.”

एवढंच. टिपणीसांनी सिगारेट विझवली आणि आवाज कुठून आला ते शोधत राहिले. स्टूलवर चढून वरच्या फळीवरच्या बाटल्या पुसणारे मगदूम खाली उतरले, तेव्हा टिपणीस मान वर करून म्हणाले, “तुम्ही नाटकात काम करता का हो?”

त्या एका वाक्यावर मगदूमांच्या घरात तीन महिने दिवाळी होती. शेवटी नायकासाठी दोघंच उरले. एक मुंबईच्या व्यावसायिक नाटकांतले हेमंत झारापकर, दुसरे आमचे मगदूम. चाचणी आमच्याच प्रयोगशाळेत, दोघांची एकाच दिवशी, एकाच प्रसंगावर. मगदूमांनी वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज टंकून माझ्याकडे तपासायला दिला होता. तो माझ्या खणात होता. खाली तारीख तेवढी घालायची बाकी होती.

“दादरला खोली घ्यायची ठरलीय,” शालनताईंनी मला सांगितलं. “समुद्र दिसला पाहिजे म्हणं. इथं रंकाळा दिसतोय तर तिकडं कधी फिरकत न्हाईत.” हे चेष्टेनं बोलत असताना त्या साडीच्या पदराला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या.

प्रसंग असा होता. समर सरंजामे प्रयोगशाळेत शिरतो. स्टँडला ब्युरेट लावलेली आहे, म्हणजे खाली तोटी असलेली काचेची उभी नळी. तिच्याखाली फ्लास्क. तो तोटी फिरवतो, फ्लास्कमध्ये थेंब पडतात. पाण्यासारख्या द्रावणाला गुलाबी रंग आला, की त्याला कळतं, शत्रूचं रसायन खरं आहे. तेवढ्यात बाहेर पहारेकऱ्याची पावलं. सरंजामे खिडकीतून उडी मारतो, पहारेकरी दार उघडतो, खोली रिकामी. एकूण एक मिनिट.

द्रावणं माझी होती. खऱ्या टायट्रेशनला, म्हणजे या थेंबाथेंबानं करायच्या मोजमापाला, पाच-सात मिनिटं लागतात, म्हणून मी फ्लास्कमधल्या आम्लात बरीचशी अल्कली आधीच घालून ठेवत होते. रंग यायला फक्त दहा थेंब बाकी. अकराव्या थेंबानंतर रंग गडद होत जातो आणि शास्त्राच्या दृष्टीनं बिघडतो. हे मी दोघांनाही सांगितलं. झारापकर हसून म्हणाले, “मॅडम, मला दहापर्यंत मोजता येतं.” मगदूम ब्युरेटची तोटी घट्ट आहे का ते बघत होते. त्यांना काय सांगायचं?

टिपणीसांनी माझ्याकडे स्टॉपवॉच दिलं. “चार मिनिटांचं रीळ आहे. दुसरं नाही. प्रत्येकाला दोन वेळा, एकेक मिनिट. जास्त झालं तर मला लगेच सांगा.”

कलाविभागाच्या माणसांनी बेसिनवरची मराठी पाटी काढून ठेवली होती. शत्रूची प्रयोगशाळा होती ना.

आधी झारापकर. त्यांच्यापुरती शालनताईंनी कोटाची पाठ आतून टाचण्यांनी जुळवून दिली होती; सूट अंगावर ओतल्यासारखा. ते आत आले तेच मागे बघत, मांजरासारखे. ब्युरेटची तोटी त्यांनी पूर्ण उघडली. दहा कसले, शंभर थेंब पडले असतील. फ्लास्कमध्ये भडक गुलाबी, जवळजवळ जांभळा रंग झाला. माझ्या दृष्टीनं प्रयोग वाया गेला, पण कॅमेरामन म्हणाला, “वा!” पावलं वाजली, झारापकरांनी फ्लास्क टेबलावर आपटल्यासारखा ठेवला, भुवई उडवली आणि खिडकीतून गेले. अठ्ठावन्न सेकंद. दुसऱ्या वेळी बासष्ट.

“दोन मिनिटं बरोबर,” मी म्हटलं.

मग मगदूम. सूट चढवताना शालनताईंनी टाचण्या काढून त्यांच्या पाठीवर उसवलेल्या दोन बाजू हातानं सारख्या केल्या. “जावा,” त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

ते दारातून आत आले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. कारण आत आलेला माणूस मगदूम नव्हता. त्यानं खोलीवर नजर फिरवली ती परक्या घरात शिरलेल्या माणसासारखी. पण हात ब्युरेटवर गेला तो असा, की या हातानं हे हजारदा केलंय. डाव्या हातानं तोटी, उजव्या हातानं फ्लास्क हलकासा घोळवत. एक थेंब. दुसरा. तिसरा. सात, आठ, नऊ. दहाव्या थेंबाला फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. तसा रंग मी वर्गाला दाखवायला धडपडते आणि तीन वेळांतून एकदा जमतो. त्याचे डोळे किंचित बारीक झाले. सदतीस सेकंद.

बाहेर पहारेकऱ्याची पावलं सुरू झाली. निर्मितीतलाच एक माणूस जाड बूट घालून व्हरांड्यात पाय आपटत होता.

आता खिडकी. मी मनात म्हटलं, आता खिडकी.

मगदूम वळले आणि बेसिनपाशी गेले.

त्यांनी फ्लास्क ओतला. नळाखाली दोनदा विसळला. आणि मग, हे मी कधीही विसरणार नाही, शेजारची बाटली उचलून त्यांनी आतून डिस्टिल्ड वॉटरची एक फेरी फिरवली. फ्लास्क लाकडी रॅकवर पालथा घातला. नळ बंद केला. तो बंद झाला की नाही ते बोटानं पाहिलं. या सगळ्या वेळात त्यांची पाठ कॅमेऱ्याकडे होती, आणि कोटाच्या दोन फाकांमधून पांढरा शर्ट मानेपासून कमरेपर्यंत दिसत होता. पहारेकरी कधीच दार उघडून आत आला होता. काय करावं हे न कळून तो बंदूक घेऊन शिस्तीत उभा होता, रांगेत नंबर यायची वाट बघावी तसा. मग मगदूम वळले, पहारेकऱ्याला बघून दचकले आणि खिडकीतून गेले.

सगळे हसायला लागले. हसता हसता कॅमेरामन खाली बसला.

“घरात एक वाटी विसळत न्हाई हा माणूस!” शालनताई दारातून ओरडल्या. “एक वाटी!”

मगदूम खिडकीतून परत आत आले तेव्हा त्यांचा चेहरा कोरा होता. “काय झालं?” त्यांनी मला विचारलं. त्यांना खरोखर कळलं नव्हतं.

“तुम्ही फ्लास्क धुतला.”

त्यांनी रॅककडे बघितलं. पालथ्या फ्लास्कमधून पाणी निथळत होतं. “आईशप्पथ,” ते हळूच म्हणाले.

“मॅडम, वेळ?” टिपणीसांनी विचारलं.

मी स्टॉपवॉचकडे दोनदा बघितलं. दोनदा बघितलं म्हणून आकडा बदलत नाही. “एक मिनिट पंचवीस सेकंद.”

म्हणजे रिळात उरले पस्तीस सेकंद. मगदूमांना एक मिनिटाची दुसरी संधी होती. त्यातले पंचवीस सेकंद त्यांनी बेसिनवर खर्च केले होते.

“पस्तीसमध्ये करता येईल?” टिपणीस म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती.

“करतो साहेब.”

मी पुन्हा फ्लास्क भरला. या वेळी पाचच थेंब बाकी ठेवले. हे टिपणीसांना न सांगता केलं. फ्लास्क त्यांच्या हातात देताना म्हटलं, “मगदूम, धुवायचं नाही.”

“न्हाई धूत.”

“पाच थेंब.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

ते आत आले. नजर फिरवली. पाच थेंब, फिकट गुलाबी. पावलं. त्यांनी फ्लास्क टेबलावर ठेवला, न धुता, आणि खिडकीकडे निघाले. पण जाताना त्यांनी एकदा वळून त्या फ्लास्ककडे बघितलं. कसं सांगू? स्टेशनवर पोराला सोडून जाताना माणूस बघतो तसं. मग खिडकीच्या चौकटीवर एक पाय ठेवला, आणि कॅमेऱ्यातून फटफट आवाज आला. रीळ संपलं होतं. उडी त्यात आलीच नाही.

मगदूमांनी चौकटीवरचा पाय खाली घेतला. कोट काढून शालनताईंकडे दिला, बाह्या वर केल्या, टेबलावरचा फ्लास्क उचलला आणि बेसिनकडे गेले.

टिपणीसांनी त्यांना फ्लास्क विसळताना पाहिलं. मग मला म्हणाले, “मॅडम, जरा बाहेर येता?”

व्हरांड्यात आम्ही दोन मिनिटं बोललो. परत आले तेव्हा मगदूम हात पुसत होते.

“काय विचारत होते?”

“द्रावणं कुठून आणली ते,” मी म्हटलं. त्या प्रयोगशाळेत मी जाणूनबुजून खोटं बोलले ते तेवढंच.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. भूमिका झारापकर करणार होते. मगदूमांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि माझ्याकडून रजेचा अर्ज परत मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्या कोऱ्या बाजूचे तुकडे करून त्यांनी बाटल्यांना नवी लेबलं केली. सोडियम हायड्रॉक्साइडच्या लेबलावर उजेड पडला की मागून उलटी अक्षरं दिसायची: ‘कृपा करून एक वर्षाची’.

ते विनोद करत, नाटकं करत, मुलांना फाटकावरून परत बोलावत. फक्त चित्रपटाचं नाव निघालं की काहीतरी काम काढून खोलीबाहेर जात. आणि मी गप्प बसत असे, कारण व्हरांड्यातली ती दोन मिनिटं माझ्याकडे होती.

चित्रपट सव्वा वर्षानं कोल्हापुरात लागला. पहिल्या आठवड्यात मगदूमांनी तीन तिकिटं आणली. “चला मॅडम. बघून येऊ आपली प्रयोगशाळा.”

तीनच्या खेळाला थिएटर भरलेलं होतं. मगदूम मध्ये, एका बाजूला शालनताई, एका बाजूला मी. मध्यंतराच्या थोडं आधी आमची प्रयोगशाळा पडद्यावर आली. झारापकर मांजरासारखे आत शिरले. तोटी फिरली, भडक गुलाबी रंग झाला. “बिघडवलं,” मगदूम पुटपुटले. बाहेर पावलं वाजू लागली. लोक ओरडले, “पळ, पळ!”

समर सरंजामे पळाला नाही. तो बेसिनपाशी गेला. पावलं जवळ येत होती आणि तो शांतपणे फ्लास्क विसळत होता. त्यानं फ्लास्क रॅकवर पालथा घातला, भुवई उडवली आणि खिडकीतून गेला. दार उघडलं. पहारेकऱ्यानं सगळीकडे बघितलं. सगळं जागच्या जागी. इथं कुणी आलं होतं, असं वाटायला काही जागाच नव्हती. पहारेकरी जांभई देऊन निघून गेला.

आणि थिएटर दणाणलं. शिट्ट्या, टाळ्या, पुढच्या रांगेत टोप्या उडाल्या.

“बाई गं,” शालनताई म्हणाल्या. “हे तर तुमचं! आणि ह्याच्या पाठीची शिवण शाबूत हाय बघा.”

मला मगदूमांकडे बघायचा धीर होत नव्हता. मी पडद्याकडे बघत राहिले. ते माझ्याकडे झुकले.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “नळ उघडाच ठेवला त्यानं.”

मध्यंतरात शालनताई शेंगदाणे आणायला गेल्या. मी सांगायला सुरुवात केली.

“मगदूम, त्या दिवशी टिपणीसांनी मला द्रावणांचं विचारलं नव्हतं. दोघांत खरा कोण वाटला, असं विचारलं होतं. मी तुमचं नाव घेतलं. ते म्हणाले, मग यांना घेऊ का? मी म्हटलं, खरे वाटले, पण तुमच्या गोष्टीत ते पकडले गेले असते.” मी थांबले. “मला कुणी माप विचारलं की मी माप सांगते. त्यावर पुढे काय ठरणार आहे, हे मी बघितलं नाही.”

“आणि धुण्याचं?”

“त्यांनी विचारलं, धुतलं का असेल? घाबरून? मी म्हटलं, नाही. धुऊन पालथं घातलं की इथं कुणी येऊन गेलं हे कळत नाही, पहारेकऱ्यालाही नाही. त्यांनी ते सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं. म्हणजे काम मीच तुमचं घालवलं आणि गंमतही मीच देऊन टाकली.”

मगदूम पडद्यावरच्या साबणाच्या जाहिरातीकडे बघत होते. “व्हरांड्याची खिडकी उघडी होती मॅडम. मी बेसिनपाशीच होतो.”

“तुम्ही ऐकलं?”

“समदं.”

“मग सव्वा वर्ष बोलला का नाहीत?”

“तुम्ही पाचच थेंब ठेवलेले. त्यावर काय बोलायचं?” ते हसले. मग नाटकात घेतात तसा त्यांनी एक श्वास घेतला. “आणि दुसरं म्हंजे, खरा वाटला म्हणालात. दोन रौप्यपदकं मिळाली, पण असं परीक्षकांपैकी कुणी म्हटलं न्हवतं. पकडला गेला असता ते ऱ्हाऊ दे. मी गेलोच असतो की पकडला. नळ बघितल्याबिगार मी खिडकीतनं जाणार न्हाई.”

शालनताई तीन पुड्या घेऊन आल्या. “काय ठरलं? दादर रद्द ना कायमचं?”

“रद्द.”

“मग आजपासनं घरातली भांडी विसळायची. गावानं बघितलंय आता.”

सरंजामेचे पुढे आणखी चार चित्रपट आले. प्रत्येकात तो निघायच्या आधी काहीतरी पालथं घालायचा: पेला, टोपी, एकदा तर होडी. गावातली पोरं हॉटेलात चहा पिऊन कप बशीत पालथा घालून भुवई उडवत बाहेर पडायची, आणि हॉटेलवाले बशीतला चहा पुसत शिव्या द्यायचे.

पहिला चित्रपट लागला त्या वर्षीची पहिल्या वर्षाची तुकडी मला नीट आठवते. पहिलंच प्रॅक्टिकल. न सांगता एकूण एक पोर फ्लास्क धुऊन, झोकात पालथा घालून ऐटीत बाहेर पडलं. तीस फ्लास्क रॅकवर निथळत होते. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. मी मगदूमांकडे बघितलं. ते पाटीखाली, हाताची घडी घालून, मान तिरकी करून उभे होते. कान बेसिनकडे होता.

मग ते सावकाश खिडकीपाशी गेले. फाटकापर्यंत पोचलेल्या एका उंच पोरानं नुकतीच शर्टाची कॉलर सरळ केली होती. मगदूमांनी छाती भरून श्वास घेतला. या वेळी कोट नव्हता, घेता आला.

“ओ सरंजामे!” सगळ्या आवारात तो आवाज घुमला. “नळ!”